तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन सुपरचार्जरनंच खाल्लं का?

"सुपरचार्जर लावला म्हणून इंजिन गेलं ना? मग वॉरंटी मिळाली का?" हे दोन प्रश्न मला इतक्यांनी विचारून झालेत की आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी माझ्या बॉनेटकडे बघत रेंगाळलं की मी पटकन लिफ्टकडे वळते. एकदाच सगळं लिहून टाकते. (सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच बेल्टवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप.)

पहिल्याचं उत्तर, माहीत नाही. दुसऱ्याचं, नाही. आणि माझा सगळा राग या दोन उत्तरांच्या मधे आहे, कारण पहिल्याचं उत्तर कुणालाच माहीत नसताना सर्व्हिस सेंटरवाले दुसऱ्याचं देऊन मोकळे झाले.

टर्बो वेगळा, सुपरचार्जर वेगळा, ते सांगत बसत नाही, विचारणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. माझी गाडी दीड लिटरची साधी पेट्रोल, कॉम्प्रेशन रेशो दहाच्या वर, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण मुळातच दहापटीहून जास्त दाबलं जातं. किट तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये बसवलं, सहा पीएसआय बूस्ट (हवेचा जादा दाब), पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, एक पायरी थंड प्लग, पिगीबॅक (ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जोडलेलं जादा सर्किट), दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही. तेव्हाची मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे की सहा पीएसआय म्हणजे काहीच नाही हो. काहीच नाही कसं? समुद्रसपाटीला हवेचा दाबच १४.७ पीएसआय, त्यावर सहा म्हणजे कागदावर चाळीस टक्के जास्त हवा, तीही दाबल्यामुळे तापलेली. आणि ही गाडी चालणार कुठे, तर मे महिन्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडला. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत इंचाइंचानं सरकायचं, बॉनेटखाली भट्टी पेटलेली, आणि पुढे जरा जागा मिळाली की पाय दाबायचाच, कारण त्यासाठीच तर एवढे पैसे घातलेत. पामबीचला पहाटे जो पिकअप मिळायचा तो दुपारी पातलीपाड्याला मिळायचा नाही, हे मला जाणवत होतं. म्हणजे ईसीयू नॉकिंग (मिश्रणाचं आपोआप, धक्क्यानं पेटणं) ओळखून ठिणगीचं टायमिंग मागे घेत होता. ते बघून मी म्हणायचे, बघा, इंजिन स्वतःला सांभाळतंय.

पण हेही ऐकून घ्या. पेट्रोल कायम ९५ ऑक्टेनचं (ऑक्टेन जास्त तितकं नॉकिंग कमी), पुण्याला जायचं असेल तर शंभरवालं. ऑइल वेळेच्या आधी बदललेलं. मॅप, म्हणजे किती पेट्रोल टाकायचं त्याचा तक्ता, केला तेव्हा पंपावर ई-१० (दहा टक्के इथेनॉल) होतं, नंतर ई-२० आलं, आणि त्यावरून मला शहाणपण शिकवणाऱ्यांना सांगते की इथेनॉलनं नॉकिंग उलट कमी होतं. हां, तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, आणि फुल थ्रॉटलला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं न ऐकता मॅपमधलाच आकडा टाकत असेल तर मिश्रण तीन-चार टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं, होऊ शकतं. मॅप परत करून घ्यायला हवा होता का? कदाचित. तुर्भ्याचा ट्यूनर म्हणाला गरज नाही, सेफ्टी मार्जिन ठेवलंय.

आणि आता जे कुणी विचारतच नाही ते. किट बसवायच्या आधीच्या सर्व्हिसच्या जॉब कार्डवर, सर्व्हिस सेंटरच्याच शिक्क्यानिशी, लिहिलंय: ऑइल लेव्हल कमी, टॉप-अप केलं, निरीक्षणाखाली. म्हणजे गाडी आधीपासून ऑइल पीत होती. तेव्हा मला सांगितलं, मॅडम, थोडं कन्झम्प्शन नॉर्मल असतं.

गायमुखच्या चढावर पिकअप गेला. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला, म्हणजे मिसफायर, सिलिंडर नीट पेटत नाहीये. आरशात बघते तर निळा धूर, मागचा टेम्पोवाला हॉर्न देतोय आणि हातानं खूण करतोय की बाई, बाजूला घ्या. टो करून गाडी सर्व्हिस सेंटरला. दादा सोबत आला होता, त्याला सुट्टी होती म्हणून. दादा आयुष्यभर स्कूटरच चालवतो, पण ॲडव्हायजर पहिल्यापासून त्याच्याशीच बोलायला लागला. "सर, हे आफ्टरमार्केट आहे ना?" दादानं माझ्याकडे बोट दाखवलं. तरी पुढचं वाक्य परत दादालाच.

मी म्हटलं, आधी चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करा, लीक-डाउन करा (सिलिंडरमधून दाब किती गळतो ते), आकडे लिहून द्या, मग काय ते ठरवा. तो म्हणाला, आधी फोटो पाठवावे लागतात. मग फोटो सुरू झाले. सुपरचार्जर समोरून, बाजूनं, पुलीचा, बेल्टचा, पिगीबॅकच्या वायरिंगचा, एकात तर माझी पर्सपण आली होती. एक प्लगसुद्धा सैल केलेला नव्हता, डिपस्टिक कुणी ओढून बघितली नव्हती, आणि दुपारच्या आत मेल आला की अनधिकृत बदल असल्यामुळे दावा नामंजूर. इंजिनला नेमकं काय झालंय हे तोपर्यंत त्या अख्ख्या इमारतीत कुणालाही माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच.

इंजिन खोलायचं तर खर्च माझा, तसं सही करून द्या. दिली. काय करणार, गाडी त्यांच्या लिफ्टवर.

खोललं ते मामांनी. त्यांना तिथे सगळेच मामा म्हणतात. त्यांनी प्लग काढले आणि बनियनच्या जुन्या फडक्यावर एक-दोन-तीन-चार असे ओळीनं ठेवले. तिघांचं तोंड नीट, भुरकट. तीन नंबरचं काळं, तेलकट, आणि त्याच्या मधल्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकाकणारे ठिपके, पीठ चाळताना उडावं तसे. मामा म्हणाले, "ताई, हे पिस्टनचं ॲल्युमिनियम." हेड उतरवून तो पिस्टन बाहेर आला तेव्हा वरच्या दोन रिंगांमधला काठ तुटलेला होता, नखाएवढा तुकडाच नाही. मी हातात घेतला तर तुटलेली कड बोटाला लागली.

वर्क्स मॅनेजर आला. त्याचं म्हणणं, ठिपके म्हणजे डिटोनेशन (तेच ते नॉकिंग), डिटोनेशन म्हणजे बूस्ट, विषय संपला. मी जुनं जॉब कार्ड पुढे केलं. त्यानं ते उलटून मागची कोरी बाजू बघितली आणि परत दिलं. मी म्हटलं, रिंगांमधून ऑइल ज्वलनकक्षात येत असेल तर मिश्रणाचं ऑक्टेन खाली जातं, त्यानंही नॉकिंग होतं, बरोबर? तो गप्प. मामा फडकं घडी करत म्हणाले, "ऑइल वर आलं म्हणून ठोकलं, की ठोकून रिंग गेली म्हणून ऑइल वर आलं, ते आता कसं कळणार? खोलायच्या आधी मापं घ्यायला पाहिजे होती." मॅनेजरनं त्यांच्याकडे असं बघितलं की मामा दुसऱ्या गाडीकडे निघून गेले.

त्या दिवशी मी पर्समधून एक प्रिंटआउट काढला होता, ते सांगायला आजही कसंतरी होतं. मॅग्नसन-मॉस कायदा, १९७५ चा. नुसता बाहेरचा पार्ट आहे म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. उत्तम कायदा आहे. अमेरिकेचा आहे. ठाण्यातल्या कोर्टात तो चालत नाही, आणि सर्व्हिस काउंटरवर तर नाहीच. आपल्याकडे वॉरंटीच्या पुस्तिकेत काय छापलंय तिथून सुरुवात, आणि पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९.

पण इंजिनपेक्षा जास्त कशानं लागलं सांगू? खिडकीनं. मागच्या डाव्या दाराची पॉवर विंडो त्याच सुमारास बंद पडली होती, तीही नामंजूर. सुपरचार्जर बॉनेटमध्ये, खिडकी मागच्या दाराला, काय संबंध? "मॅडम, सिस्टिममध्ये गाडी ब्लॉक झालीय." एका पार्टवरून अख्खी गाडी अनाथ. इंजिनाबाबत त्यांचं म्हणणं चुकीचंच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, खिडकीबाबत सांगू शकते.

काहीजण विचारतात, किट काढून गाडी नेली असती तर? ब्रॅकेटच्या खुणा राहतात, इंजेक्टर, बेल्ट सगळं बदलावं लागतं, एरर कोडसोबत त्या क्षणाचे आकडे ईसीयूत साठलेले असतात. आणि ते सोडा, ज्यांच्यावर मी लपवाछपवीचा आरोप करतेय त्यांच्यापुढे तेच करून जाऊ? इन्शुरन्स? साध्या पॉलिसीत मेकॅनिकल बिघाड येतच नाही. आरटीओ? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी आधी वाचलं नव्हतं, आता वाचलंय, २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करणाऱ्याला त्यातून फार जागा उरत नाही. म्हणून या विषयावर मी कायद्याचा आव आणत नाही.

ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात, माझी मुदत अजून आहे. आयोग वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो, त्याची फी तक्रारदारानं भरायची. पण पाठवू काय? इंजिन खोललं गेलं, बोअर झाला, नवे पिस्टन बसले. माझ्याकडे आहे एक तुटका पिस्टन, चार प्लग आणि एक जॉब कार्ड. एक वकील ओळखीचे आहेत ते म्हणतात पुरेसं आहे, दुसरे म्हणतात समोरचा वकील पहिल्या तारखेलाच विचारेल की सही करून खोलायला तुम्हीच सांगितलंत ना. खिडकीची तक्रार मात्र मी करणार आहे, त्यात दादाचं आणि माझं एकमत आहे, रक्कम किरकोळ असली तरी.

तुम्ही लावणार असाल तर लावा, मी कोण अडवणार. फक्त बसवायच्या आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून, तारीख टाकून, गॅरेजच्या सहीनं कागद घेऊन ठेवा. आणि ऐरोलीहून दर आठवड्याला फोन करणाऱ्या भाऊंना परत सांगते, किट माळ्यावर आहे, पण विकायचं नाहीये.