पहिलं वेल्डिंग मशीन: अँपिअरच्या आधी बोर्ड बघा

दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "दोनशे अँपिअरचं देऊ की अडीचशेचं?" त्याला उत्तर देण्याआधी घरचा किंवा मळ्यातला बोर्ड उघडून बघा.

गेट, ग्रिल, कांदाचाळीचा सांगाडा, शेडचे अँगल एवढंच करायचं असेल तर 6013 चे (साध्या लोखंडाला चालणारे) दोनच रॉड लागतात, 2.5 आणि 3.15 मिमी. दुकानात यांनाच 12 नंबर आणि 10 नंबर म्हणतात. बाराला 60 ते 90 अँपिअर, दहाला 90 ते 130. म्हणजे 200 चा आकडा बहुतेक वेळा वापरातच येत नाही. आणि घरच्या सिंगल फेजवर तो निघतही नाही. 100 अँपिअरवर आर्कला, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ठिणगीला, साधारण 24 व्होल्ट, म्हणजे 2.4 किलोवॅट लागतात. मशीनमधला लॉस आणि पॉवर फॅक्टर (कामात न येता लाइनवर फिरणारा जादा करंट) धरला की लाइनवरून 15 ते 18 अँपिअर ओढले जातात. पूर्ण 200 वर तेच 40 च्या आसपास जातात. एसीच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर 10 नंबरचा रॉड सलग चालवला की पिना तापून प्लग काळा पडतो. मशीनसाठी वेगळी 4 स्क्वेअर मिमी तांब्याची वायर, सी कर्व्हचा (सुरुवातीच्या झटक्याला न पडणारा) एमसीबी आणि नीट अर्थिंग करून घ्या.

मग 200 चं घ्यायचं कशाला? ड्युटी सायकलसाठी, म्हणजे दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन चालवता येतं त्यासाठी. मशीनवरच्या प्लेटवर 200 अँपिअरपुढे 60% लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क. करंट कमी केला की ही वेळ वाढते: 60% वालं मशीन 155 अँपिअरला सलग चालतं, 30% वालं 110 ला. बाहेरून दोन्ही डबे सारखेच, किमतीतला बराचसा फरक इथेच. हे आकडे 40 अंशांच्या हवेत मोजलेले असतात. नाशिकच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तेवढी सवलत मिळत नाही. प्लेटवर ड्युटी सायकलच नसेल, फक्त बाजूला मोठ्या अक्षरात 250 छापलेलं असेल, तर ते मशीन सोडा.

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून निघालेलं जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन स्वस्तात मिळतं आणि टिकतंही दणकट. पण बरीचशी दोन फेजवर चालतात आणि उचलायला दोन माणसं लागतात. घरगुती मीटर असेल तर इन्व्हर्टर मशीनच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डवालं हलकं मशीन. मिग (रॉडऐवजी रिळातून तार सोडणारं मशीन) पातळ पत्र्याला छान, पण CO2 वालं असेल तर सिलिंडर आला, आणि उघड्यावर वारा गॅस उडवून नेतो, वेल्डला भोकं पडतात. सुरुवात रॉडने करा.

मळ्यात वेगळीच गंमत. व्होल्टेज आधीच 180, त्यात 1.5 स्क्वेअरच्या 50 मीटर एक्स्टेंशनमध्ये आणखी 20 व्होल्ट पडतात. रॉड चिकटतो, आर्क तुटतो आणि शिव्या मशीनला बसतात. एक्स्टेंशन छोटं आणि जाड ठेवा, गुंडाळी पूर्ण उलगडा. लांब न्यायचंच असेल तर मशीनपासून रॉड धरायच्या होल्डरपर्यंतची केबल वाढवा, 25 स्क्वेअरची तांब्याची. सोबत येणारी केबल बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. टोकाची तार खरवडली की आत पांढरी दिसते. मांडवाचे गॅल्व्हनाइज्ड अँगल जोडताना जोडाजवळचं जस्त आधी ग्राइंडरने काढा. त्याच्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो.

घेताना दुकानातच 5 मिमी पट्टीवर 10 नंबरचा रॉड 110 वर लावून शेवटपर्यंत जाळा. अर्ध्यात करंट पडला किंवा फॅन फिरूनही तापल्याचा दिवा लागला, तर दुसरं दाखवायला सांगा.

आणि ग्राइंडरचा झोत मशीनकडे येऊ देऊ नका. फॅन लोखंडाची भुकटी आत ओढतो, पावसाळ्यात ती ओल धरते आणि कार्ड शॉर्ट होऊन उडतं. प्लग काढून, थोडा वेळ थांबून, महिन्यातून एकदा हलक्या हवेने आतून फुंकून घ्या.