खानापूरचा बीबीसी: अखेर भोंगा थांबला

मंडळी, खानापूरच्या शाळेतून आलेला माझा बीबीसी मायक्रो (ऐंशीच्या दशकातला एकॉर्न कंपनीचा ब्रिटिश संगणक) अखेर चालू झाला. काल रात्री पावणेबाराला पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' उमटलं. खाली 'बेसिक' आणि तो एकटा बाण. आतून आईचा आवाज, "बंद झालं काय एकदाचं ते भोंकणं?" झालं!

मागच्या वेळी सप्लायमधले दोन्ही एक्स-टू कपॅसिटर (घरच्या विजेतला गोंगाट गाळणारे) बदलले होते (त्या धुराचा वास अजून खोलीत आहे). तेव्हापासून चालू केलं की नुसता सलग 'टूंऽऽ'. साउंड चिप वीज मिळताच ओरडायला लागते आणि तिला गप्प करायचं काम ओएसचं, म्हणजे रॉममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं. ओएसचा निरोप सिस्टिम व्हीआयएमार्फत (इतर भागांशी देवाणघेवाण करणारी चिप), म्हणजे बोर्डावरच्या आयसी ३ मार्फत जातो. हे माहीत असूनही मी दोन आठवडे रॉमचे पाय पुसत बसलो. पाट्यावर डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

उद्यमबागेत फाउंड्री असलेला मित्र चहाला आला होता. त्याला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. बोर्डाकडे बघून म्हणाला, "ही दोन एकसारखीच दिसतात की. अदलाबदल करून बघ." आयसी ३ आणि यूजर पोर्ट सांभाळणारा आयसी ६९, दोन्ही ६५२२ जातीच्याच व्हीआयए चिप! काढले, एकमेकांच्या जागी बसवले, भोंगा गप्प. बिघडलेला आता यूजर पोर्टवर (बाहेरची उपकरणं जोडायची जागा) आहे, तिथे सध्या काही जोडायचं नाहीच.

पण खरा घोळ इथून पुढे. उपटताना तारखा दिसल्या. आयसी ३ वरच्या चिपवर ८४३१, म्हणजे ८४ सालचा ३१वा आठवडा. आयसी ६९ वरच्यावर ८८०९. (निपाणीकर, चिपवरचं ८२७१ ही तारीख का असं तुम्ही मागे विचारलं होतं; ती तारीख नव्हे, इंटेलच्या फ्लॉपी कंट्रोलरचा नंबर आहे. वर्षाला ७१ आठवडे बेळगावात तरी नसतात.)

बीबीसीची दोन मॉडेलं: साधं ए आणि भरलेलं बी. मॉडेल ए मध्ये १६के रॅम आणि आयसी ६९ ची जागा रिकामी. मग हे मूळचं ए आणि ८८ नंतर कुणी बी केलेलं? रात्रभर झोप नाही. सकाळी बोर्ड उलटा केला. ए वर डिस्क, प्रिंटर, यूजर पोर्टचे कनेक्टरच बसवलेले नसत. ते मागाहून कुणी लावले असते तर हाताने दिलेला डाग लपला नसता: गोळे कमीजास्त, भोवती तपकिरी फ्लक्स. इथे सगळे सांधे कारखान्यातल्या सोल्डरच्या एका लाटेतून निघालेले, गुळगुळीत. म्हणजे कारखान्यातूनच बी, आणि ८८०९ फक्त बदलीवर आलेला. सॉकेटातल्या चिपवरून यंत्राचं वय ठरवू नका, सोल्डर केलेल्यांच्या तारखा बघा. माझ्याकडे त्या सगळ्या ८४ च्या मध्यातल्या आहेत.

त्याच न्यायाने बेसिकमध्ये 'रिपोर्ट' ही आज्ञा दिल्यावर '१९८२ एकॉर्न' आलं, म्हणजे बेसिक २, याचाही पुरावा म्हणून उपयोग नाही. रॉमही सॉकेटातच. तरी वाचून बरं वाटलं.

आयसी काढायला तो चिमटा घेऊ नका, ४० पायांच्या चिपला एका बाजूने वाकवतो. दोन्ही टोकांना पातळ स्क्रूड्रायव्हर घालून थोडं थोडं उचला. नवा ६५२२ आणायला बेंगळूरच्या एसपी रोडला जायचं ठरवलं होतं, पण...

लिहिता लिहिता सुचलं. मागच्या तिन्ही भागांत मी याला बिनधास्त 'यूनिकॉर्न' (मोहालीत जुळवलेला बीबीसी) म्हणत आलोय, क्लास योजनेतलं, म्हणजे शाळांना संगणक देणाऱ्या सरकारी योजनेतलं म्हणून. पण मोहालीत जुळवलेला की थेट विलायतेचा, हे सांगणारं तळाचं लेबल खरवडलेलं आहे, नुसता गोंद उरलाय. बोर्डाला विचारून झालं. उरलं शाळेचं डेड स्टॉक रजिस्टर! शनिवारी सकाळची शाळा असते, खानापूरची पहिली बस धरतो. एसपी रोड पुढच्या महिन्यात. हेडसरांसाठी कुंदा नेतोय, रजिस्टर माळ्यावरून काढायला लावायचंय.