नाभीचा खांब

झांबोआंगा हे फिलिपिन्सच्या दक्षिणेचं बंदर. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथे सैन्य आणि मोरो, म्हणजे तिथल्या मुस्लिम समाजातल्या, बंडखोरांचा एक गट यांच्यात जवळजवळ तीन आठवडे लढाई चालली. रिओ होंडो, मारिकी, सांता बार्बरा, सांता कातालिना या वस्त्यांमधली सुमारे १०,००० घरं जळाली आणि लाखावर माणसं बेघर झाली. त्यांतले बरेच जण तौसुग आणि सामा या तिथल्या मुस्लिम जमातींचे. हजारो कुटुंबांनी शहरातल्या क्रीडासंकुलाच्या मैदानावर महिनोन्‌महिने काढले.

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकले. त्या काळात एका मदतसंस्थेच्या निवारा विभागात होते आणि पुढच्या वर्षी मला तिकडे पाठवण्यात आलं. मुख्य कार्यालयातून तयार नकाशा यायचा. तो लोकांसमोर मांडायचा, त्यांचं ऐकायचं आणि बदल कळवायचे, एवढं माझं काम. नकाशा माणशी ३.५ चौरस मीटर या आंतरराष्ट्रीय हिशेबाने काढलेला होता. कडेने खांब, मधोमध प्लायवुडचं पार्टिशन, एका कोपऱ्यात ओटा. कागदावर बघाल तर नाव ठेवायला जागा नाही.

त्या दिवशी ताडपत्रीखाली पन्नासेक माणसं जमली होती. बायकांनी आधी ओट्याचा विषय काढला. तौसुग घरात स्वयंपाक राहत्या खोलीत होत नाही. त्याला वेगळी खोपटी असते आणि पांतान, म्हणजे उघड्या फळ्यांचा सज्जा, ओलांडून तिकडे जायचं. धूर बाहेर राहतो, आग बाहेर राहते आणि पुरुष पाहुणे बसलेले असले तरी बायकांचं काम अडत नाही. ज्यांनी नुकती आपली घरं जळताना पाहिली त्यांना ‘आग बाहेर हवी’ यापुढे आणखी कारण देण्याची गरज नव्हती. मी लिहून घेत होते.

मागे एक म्हातारे सुतार बसले होते. आमची दुभाषी वस्तीतलीच मुलगी. ती त्यांना बापा म्हणायची, म्हणजे काका, म्हणून आम्हीही बापाच म्हणू लागलो. बापा मूळचे होलो बेटावरचे. फेब्रुवारी १९७४ च्या लढाईत होलो शहर जळलं तेव्हा ते तरुण होते. होडीतून झांबोआंगाला आले, इथे घर बांधलं आणि २०१३ मध्ये तेही गेलं. त्यांनी नकाशा मागून घेतला, बराच वेळ निरखला आणि विचारलं, “घर उभारायला सुरुवात कुठून?”

मी नकाशातला कोपऱ्याचा खांब, ए-१, दाखवला. आखणी नेहमी तिथूनच होते.

बापा उठले. पलीकडे बांबूच्या कामट्यांचा ढीग होता, त्यातून नऊ निवडून आणल्या. सगळ्यांच्या मधोमध उकिडवे बसले, बनियन वर केला आणि बेंबीवर बोट टेकवलं. मग पहिली कामटी जमिनीत रोवली. “पिपुल,” ते म्हणाले. मधला खांब, घराची नाभी. तो आधी उभा राहणार. पुढच्या प्रत्येक कामटीआधी त्यांचा हात स्वतःच्या अंगावर जायचा. खांदा, दुसरा खांदा, कंबर, दुसरी कंबर. मग मधल्या जागा, बरगड्या दाबून दाखवत. नववी कामटी लागली तेव्हा तीन रांगांत तीन-तीन खांब उभे होते आणि बापांनी त्यांवर तळहात असा फिरवला जसा आपण आजाऱ्याच्या अंगावरून फिरवतो.

तौसुग लोकांचं जुनं घर असंच असतं. नऊ खांब, जमिनीपासून उंच, वर एकच मोठी खोली. फाटलेल्या बांबूची जमीन, तिच्या फटींतून खालचा वारा वर येतो. छपराच्या टोकांना ताजुक पासुंग, कोरीव लाकडी तुरे. त्यांवर उक्किल, वेलीसारखं वळत जाणारं त्यांचं नक्षीकाम, आणि त्यात बऱ्याचदा नाग. हे मी आधी वाचलं होतं, पण माणूस स्वतःचं अंग मोजत घर उभं करतो हे पहिल्यांदा पाहिलं. माझ्या बाजूला इथल्याच पत्र्याच्या घरांत वाढलेली दोन पोरं होती. त्यांनाही हे नवीन होतं. त्यातला एक वाकून कामट्या पुन्हा मोजत राहिला.

मला आपला वास्तुपुरुष आठवणं साहजिकच होतं. घर म्हणजे देह, मधोमध नाभी, तेच ब्रह्मस्थान. आपण मात्र ते मोकळं सोडतो. तिथे खांब रोवणं निषिद्ध, आपल्या वाड्यांत तर तिथे चौक. मी बापांना हे सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, “मग तुमच्या घराचा भार कोण घेतं?” मी म्हटलं, भिंती. त्यांच्या चेहऱ्यावर थेट कीव उमटली. जिथे घर लाकडाचं, पाण्याकाठी, वाऱ्यात, आणि भिंत म्हणजे विणलेला बांबू, तिथे मध्य मोकळा सोडणं परवडणारच नाही. नाभीची कल्पना दोन्हीकडे आहे, पण ती त्या-त्या मातीतून आणि लाकडातून घडली. हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

पार्टिशनवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: नको. रात्री चटया पसरायच्या, सकाळी गुंडाळायच्या, लग्न त्याच खोलीत, कुराणपठणही तिथेच. एका बाईने जळालेल्या लुहुलविषयी सांगितलं. लुहुल म्हणजे छताखाली बांधायचं छत्रवस्त्र, कापडाचे तुकडे शिवून त्यावर जीवनवृक्ष काढलेला. तिच्या आजीचं होतं. “नवं शिवीन मी,” ती म्हणाली, “पण बांधू कुठे? तुमची भिंत मध्येच येते.”

संध्याकाळी मी हिशेब करायला बसले, कारण नाभी सांगून मुख्य कार्यालयातून मंजुरी मिळणार नव्हती. तिकडच्या अभियंत्यांनी मधला खांब लाकूड वाचवायला गाळला होता. पण ५ मीटरच्या तुळईखाली मध्ये आधार दिला तर गाळा अडीच मीटरचा होतो आणि तुळईवर येणारा वाकवणारा ताण साधारण चौथ्या हिश्शावर येतो. म्हणजे जाड, लांब तुळया नकोत. तिथे सहज मिळणारं माडाचं लाकूड पुरतं आणि लांबीही ट्रकमध्ये बसते. एक खांब वाढला आणि एकूण लाकूड घटलं. बापांच्या आधीच्या सुतारांनी हे समीकरण मांडलं नसेल, पण त्यांना ते ठाऊक होतं याबद्दल मला शंका नाही.

पत्रात मी दोन्ही कारणं लिहिली, नाभीचं आधी. मधला खांब मंजूर झाला. पार्टिशनच्या जागी पडद्याची तार आली, चूल पांतानपलीकडे गेली. ताजुक पासुंग मात्र ‘शोभेची वस्तू’ म्हणून खर्चातून कापलं गेलं आणि त्याचा राग मला आजही आहे. ज्यांचं सगळं जळालं त्यांना छप्पर द्यायचं आणि ते छप्पर कोणाचं हे सांगणारी खूण नाकारायची, ही काटकसर मला पटत नाही. बापा यावर काही बोलले नाहीत. फुकट गेलेल्या फळ्या कुठे मिळतील, एवढंच त्यांनी ठेकेदाराला विचारलं.

सुधारित नकाशात मी बांधकामाचा क्रम बदलला. मधला बी-२ हा खांब क्रमांक १ झाला, ए-१ त्याच्यानंतर. ठेकेदाराच्या मुकादमाने आखणी कोपऱ्यातूनच सोपी जाते म्हणून कुरकुर केली. मग दोरी कोपऱ्यातूनच बांधली, पण खड्डा आधी मधला खणला.