‘आठवतंय का?’ विचारू नका

डोक्याला मार लागून दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला सगळे दिवसभर एकच विचारत राहतात: ‘आठवतंय का?’ त्यामागे माया असते, पण त्यानं नुकसान होतं. नव्या आठवणी साठवणारी मेंदूतली यंत्रणा दुखावलेली असली की माणूस अंदाजानं काहीतरी सांगतो. ते चुकलं होतं हे तो विसरतो, आणि पुढच्या वेळी तेच उत्तर आधी ओठावर येतं. म्हणून उत्तर आपणच आधी सांगायचं.

समजा, औषधांची जागा शिकवायची आहे. ‘औषधं फ्रिजवरच्या डब्यात आहेत. कुठे आहेत?’ त्यांनी लगेच सांगितलं की 30 सेकंदांनी पुन्हा विचारा, मग 1, 2, 4, 8 मिनिटांनी. मधल्या वेळात गप्पा चालतील. अडखळले तर ताणू नका. उत्तर सांगा, त्यांच्याकडून म्हणवून घ्या आणि आधी जमलेल्या अंतरावर परत या. एका वेळी एकच गोष्ट, सकाळी, टीव्ही बंद करून, फार तर 20 मिनिटं. थकवा आला की जमलेलंही निसटतं. हा आळस नव्हे, मेंदूचाच थकवा असतो.

सोबत वही हवी, आणि ती एकच. चिठ्ठ्या, मोबाइल, फळा असं सगळं एकदम सुरू केलं की काहीच टिकत नाही. पेन दोरीनं बांधा, जागा ठरवून द्या. डाव्या पानावर आजची कामं, उजव्या पानावर काय झालं ते. लिहायचं त्यांनीच, अक्षर कसंही येवो. पुष्कळ वह्या बंद पडतात त्या लिहिलं जात नाही म्हणून नव्हे, उघडून पाहिलं जात नाही म्हणून. त्यामुळे वही पाहणं चहा, जेवण आणि झोपेला जोडा. गजरालाही ‘वही उघडा’ असंच नाव द्या. गोळी घेतल्याबरोबर खूण, आधी नाही आणि नंतरही नाही. फिटच्या गोळ्यांचा डोस विसरणं किंवा दोनदा घेणं, दोन्ही धोक्याचं. वार आणि वेळ लिहिलेल्या कप्प्यांची डबी म्हणूनच हवी.

कधी ते न घडलेलं ठामपणे सांगतील. ते खोटं बोलत नसतात. वाद न घालता वही दाखवा.

आठवड्यांनंतर विसरभोळेपणा अचानक वाढला, डोकं दुखू लागलं, गुंगी आली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर ‘बरं होताना असं व्हायचंच’ म्हणून थांबू नका. विशेषतः म्हाताऱ्या माणसांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांत कवटीखाली हळूहळू रक्त साचू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.