खरवडलेला पूर्वज

इंग्लंडमधील एका जिल्हा अभिलेखागारात मी जुन्या दस्तऐवजांच्या जतनाचे काम करतो. गेल्या हिवाळ्यात तेथे एका जमीनदार घराण्याचा वंशपट दुरुस्तीसाठी आला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या, म्हणजे सोळाव्या शतकातील ट्यूडर राजवटीच्या काळातील ती चर्मपत्राची लांबलचक गुंडाळी होती. वर्तुळांत नावे, त्यांना जोडणाऱ्या तांबड्या रेषा आणि कडेने रंगवलेल्या ढाली. अगदी वर १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर नॉर्मंडीहून आलेला एक सरदार होता आणि त्याच्या शेजारी घराण्याचे कुलचिन्ह. पिढीजात चालणारी कुलचिन्हे बाराव्या शतकापूर्वी रूढच झाली नव्हती, त्यामुळे त्या सरदारावर माझा विश्वास बसला नाही.

अशा पटांना तेव्हा मोठी किंमत होती. १५३० साली आठव्या हेन्रीने टॉमस बेनोल्ट या हेरल्डला, म्हणजे कुलचिन्हे आणि वंशावळी पाहणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याला, अधिकारपत्र दिले आणि त्यानंतर हेरल्ड मंडळी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून तेथील जेंट्रीला, म्हणजे प्रतिष्ठित जमीनदार वर्गाला, बोलावू लागली, सनदा, मोहरा आणि थडगी तपासू लागली. हक्क नसताना कोणी खिडकीच्या काचेवर किंवा भांड्यांवर कुलचिन्ह मिरवत असेल, तर ते पुसून टाकण्याचीही त्यांना मुभा होती. ज्याचा दावा टिकत नसे, तो जेंटलमन नसल्याचे जाहीर केले जाई. पण याच हेरल्डांना शुल्कही मिळत असे, आणि मठांच्या जमिनी विकत घेऊन नव्याने वर आलेल्या कुटुंबांना पूर्वज हवेच होते. पारखी आणि विक्रेता एकच असला की काय होते, ते वेगळे सांगायला नको.

वरच्या बाजूचा एक सांधा सुटला होता. तेथे अतिनील दिवा धरला, तेव्हा सांध्याखालच्या पहिल्या वर्तुळात, ठळक अक्षरांतील ‘एस्क्वायर’ या जेंटलमनहून वरच्या मानाच्या हुद्द्यामागे, खरवडलेल्या शाईचे काळपट अवशेष दिसू लागले. लोहयुक्त शाई पात्याने खरवडली तरी चामड्यात थोडी मुरलेली राहते. नाव तेच होते. हुद्दा मात्र ‘ग्रेझियर’, म्हणजे मेंढ्या-गुरे चारून पुष्ट करून विकणारा. त्याच्या वर जाणारी रेषा मूळ पटावर नव्हतीच. सरदारासह वरच्या साऱ्या पिढ्या वेगळ्या चर्मपत्रावर लिहून नंतर डकवलेल्या होत्या.

हा प्रकार एकट्या या घराण्याचा नव्हे. मेंढपाळीतून श्रीमंत झालेल्या स्पेन्सर घराण्याने १५०८ साली ऑल्थॉर्प ही जहागीर विकत घेतली. १५०४ साली स्वतःचे कुलचिन्ह मिळालेले असूनही, पुढे रिचर्ड ली या हेरल्डने स्पेन्सरांचे नाते मध्ययुगीन डिस्पेन्सर सरदारांशी जोडून दिले आणि त्यांनी त्या सरदारांचे चिन्ह धारण केले. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. एच. राउंड या इतिहासकाराने ती वंशावळ खोटी ठरवली. मला स्वतःला वाटते, की ज्याने लोकर आणि मांस विकून घर उभे केले, तोच या पटांतील सर्वांत वाचनीय माणूस असतो, आणि नेमके त्यालाच नातवंडे लपवतात.

डकवलेला भाग वेगळा ठेवावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मी ते मानले नाही. ती जोड खोटी असली तरी ट्यूडर काळातलीच आहे, आणि कुटुंबाला स्वतःविषयी काय सांगायचे होते याचा तोच पुरावा आहे. सांधा सरसाने पुन्हा बसवला, दिव्याखालची छायाचित्रे पटासोबत नोंदवली आणि सूचीत त्या पूर्वजापुढे दोन्ही हुद्दे लिहिले, आधी ग्रेझियर आणि मग एस्क्वायर.