सनीव्हेलचं बंद दार

लेकीकडे सनीव्हेलला यायचं ठरलं, तेव्हाच तिला सांगून ठेवलं होतं: गोल्डन गेट मागाहून, आधी मला ‘पाँग’ या टेबल टेनिससारख्या जुन्या व्हिडिओ गेमचं खोकं दाखव. उमेदीची सगळी वर्षं टीव्ही दुरुस्तीत गेली, म्हणून ही ओढ.

माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये १९७२चा तो मूळ नमुना ठेवला आहे. लाकडी खोकं, पुढे दोन नॉब, बाजूला लाँड्रीच्या मशीनला असते तशी नाणं टाकायची सोय. आत ७५ डॉलरचा ब्लॅक अँड व्हाइट हिताची टीव्ही. आणि यात कॉम्प्युटर नाही! प्रोग्रॅम नाही, मायक्रोप्रोसेसर नाही. सगळा खेळ साध्या लॉजिक आयसींचा, म्हणजे ठरावीक एकेकच काम करणाऱ्या चिपांचा.

अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या नोलन बुशनेलने २४ वर्षांच्या अ‍ॅल अल्कॉर्न या इंजिनिअरचा हात बसावा म्हणून हा गेम बनवायचं काम दिलं. सांगताना मात्र जनरल इलेक्ट्रिकची ऑर्डर आहे म्हणून सांगितलं. अल्कॉर्नने पडद्यावरच्या बॅटचे आठ भाग पाडले. मध्ये लागलेला चेंडू सरळ परततो, कडेला लागलेला तिरका. बॅट पडद्याच्या अगदी वर पोचत नाही, हा सर्किटमधला दोष. तो त्याने मुद्दाम राहू दिला. नाहीतर दोन तरबेज खेळाडूंचा डाव संपलाच नसता.

बुशनेलला गर्दीच्या जल्लोषाचा आवाज हवा होता. तो कुठून आणायचा? अल्कॉर्नने सिंक जनरेटरमध्येच, म्हणजे टीव्हीचं चित्र जागेवर धरणारे संकेत देणाऱ्या सर्किटमध्येच, चाचपून पाहिलं आणि तिथे आयता मिळालेला टोन उचलला. सिंक गेल्यामुळे पळणारी चित्रं मी हजारदा थांबवली असतील, पण त्याच सर्किटमध्ये असा आवाज दडलाय हे कधी मनातही आलं नाही. खोक्यासमोर उभं राहून त्या माणसाला मनोमन नमस्कार केला.

परतताना एल कमिनो रियलवर गाडी थांबवायला लावली. इथे तेव्हा अँडी कॅप्स टॅव्हर्न हा बार होता. पाँगचं पहिलं मशीन तिथेच लावलं होतं. पुढे त्या जागी कॉमेडी क्लब झाला. भर दुपार, दाराला कुलूप. बुशनेल आणि त्याचा भागीदार टेड डॅबनी यांचा आदल्या वर्षीचा ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा गेम लोकांना समजायला जड गेला होता. पाँगचं तसं नव्हतं. सूचना एवढीच, की जास्त गुण हवे असतील तर चेंडू सोडू नका.

थोड्याच दिवसांत बारमधून निरोप आला, मशीन बंद पडलंय. अल्कॉर्नने येऊन नाण्यांची पेटी उघडली, तशी क्वार्टर्स, म्हणजे पाव डॉलरची नाणी, खळखळत बाहेर आली. पुढचं नाणं आत जायला जागाच उरली नव्हती.

लेकीने त्या बंद दारापुढे माझा फोटो काढला.