हॉस्पिटॅलिटी म्हणजे हॉस्पिटल नाही गं आई

मागच्या दिवाळीनंतर दादाच्या डोक्यात आलं की घरातल्या सगळ्यांच्या कार्डाचे मेसेज आपोआप एका ग्रुपवर पडले पाहिजेत. दादा ऐरोलीला आयटीत आहे, त्यामुळे त्याच्या डोक्यात शनिवारी काही आलं की रविवारी संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या फोनमध्ये असतं. एसएमएस वाचून पुढे ढकलणारं एक ॲप टाकलं, ग्रुपचं नाव ठेवलं 'घरचा हिशोब', आणि मुलुंडचे आईबाबा, दादा-वहिनी आणि इकडे अंधेरीत भाड्याने राहणारी मी, असे पाचजण एकमेकांचे खर्च बघायला लागलो. मी हो का म्हटलं? तर बाबांसाठी. बाबा ७१ वर्षांचे आहेत, फोनवर कोणीही 'सर' म्हटलं की विरघळतात.

पहिल्याच रात्री ग्रुपवर माझा ओटीपी येऊन पडला. मी काहीतरी ऑर्डर करत होते, इकडे फोन वाजला, तिकडे पाचही फोन वाजले, आणि आईचा फोन, "अगं हे सहा आकडे कसले पाठवलेस?" बँक ओटीपी पण पाठवते आणि खर्चाचा मेसेज पण, आणि त्या बिचाऱ्या ॲपला दोन्ही सारखेच. दादाने लगेच फिल्टर लावला की 'डेबिटेड' किंवा 'स्पेंट' शब्द असेल तरच पुढे ढकल, आणि आम्ही खूश. पण डेबिटच्या मेसेजला शेपटी असते ना, खात्यात आता किती उरलेत ते! ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ३ तारखेला माझं भाडं गेलं आणि दहा मिनिटांत बाबा, "एवढे पडून आहेत तर एफडी का नाही करत?"

दादाला वाटत होतं हा त्याचा शोध. पण अमेरिकेत २००९ मध्ये ब्लिपी नावाची साइट निघाली होती, तिथे लोक स्वतःहून आपलं क्रेडिट कार्ड जोडायचे आणि काय घेतलं, कितीला घेतलं ते मित्रांना आपोआप दिसायचं. लोकांना मजा वाटायची म्हणे. मग एप्रिल २०१० मध्ये त्यातल्या काहीजणांचे कार्ड नंबर चक्क गूगलच्या सर्चमध्ये दिसायला लागले, कारण बँकेकडून आलेला व्यवहाराचा कच्चा मजकूर पानाच्या कोडमध्ये तसाच राहिला होता आणि गूगलने तो उचलला. म्हणजे आमच्या शेपटीचीच गोष्ट. आपण ठरवतो एक दाखवायचं आणि कच्च्या मजकुरात चिकटून दुसरंच काहीतरी जातं.

आता हॉस्पिटॅलिटीची गोष्ट. दुकानाच्या पाटीवर जे नाव असतं ते मेसेजमध्ये येईलच असं नाही, बऱ्याचदा मालकाच्या कंपनीचं नाव येतं. एका शुक्रवारी रात्री साडेअकराला दादाच्या कार्डावरून कुठल्यातरी 'हॉस्पिटॅलिटी'ला ३,४६० रुपये गेले आणि आईची झोप उडाली. मुलगा हॉस्पिटलात आहे आणि आपल्याला कोणी सांगत नाहीये! पाच मिस्ड कॉल. दादा पवईला ऑफिसच्या पार्टीत, फोन सायलेंटवर. घरी आल्यावर त्याने आईला समजावलं की हॉस्पिटॅलिटी म्हणजे हॉटेल, तर आईचा दुसरा प्रश्न, "हॉटेलात एकट्याचे साडेतीन हजार होतात? काय प्यायलास?" माझी हसून वाट लागली, पण वहिनी त्या दिवशी हसली नव्हती.

आता खरं ते सांगते, ग्रुपचा उपयोग झाला. फेब्रुवारीत बाबांना फोन आला की वीजबिल अपडेट नाही, आज रात्री लाइट कापणार. बाबांनी लिंक उघडली, कार्डाचे डिटेल्स दिले, ओटीपीही दिला. ग्रुपवर ९,८०० चा मेसेज पडला आणि दादाने मीटिंगमधून उठून बाबांना फोन करून पहिला तो कॉल कापायला लावला, कार्ड ब्लॉक केलं, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला तक्रार टाकली. दुसऱ्यांदा पैसे काढायचा प्रयत्न झाला तो फसला. ९,८०० काही परत आले नाहीत. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमच तसा आहे, ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे सगळा खेळ किती लवकर कळवता त्याचा. त्यामुळे हा ग्रुप म्हणजे निव्वळ आचरटपणा होता असं मी म्हणू शकत नाही, कितीही म्हणावंसं वाटलं तरी.

पण मग माझे गुरुवार. मी गेल्या वर्षापासून एका काउन्सेलरकडे जाते, दर गुरुवारी सात वाजता, १,८०० रुपये. काही भयंकर नाही, पण घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की आधी आई रडणार, मग मावशीला कळणार, मग मावशी कोणाचा तरी स्थळाचा फोटो पाठवणार. मेसेजमध्ये नाव येत होतं कसल्यातरी 'वेलनेस'चं. आईला वाटलं पार्लर, बाबांना वाटलं जिम, आणि त्यांनी एकदा विचारलंही, "एवढे पैसे देतेस तर काही फरक दिसत नाही." मी म्हटलं दिसेल हळूहळू. चौथ्या की पाचव्या आठवड्यात वहिनीचा फोन आला, ग्रुपवर नाही, वेगळा. म्हणाली, "मी ते नाव गूगल केलं गं. मी कोणाला बोलले नाहीये, यांनाही नाही. तू बरी आहेस ना?" वहिनी खूप चांगली आहे आणि तिने जे केलं ते प्रेमानेच केलं, पण फोन ठेवल्यावर मला असं वाटलं की मी आंघोळ करताना कोणीतरी दार उघडलं आणि सॉरी म्हणून लगेच लावून घेतलं.

एकेक मेसेज काही सांगत नाही, ओळीने आले की सांगतात. २०१५ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ११ लाख लोकांचे तीन महिन्यांचे कार्डाचे व्यवहार, त्यात नाव नाही, नंबर नाही, तरी कोणत्या दिवशी कोणत्या दुकानात अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या तर ९० टक्के लोक त्या ढिगातून वेगळे ओळखता येत होते. तिथे नावं तरी नव्हती! आमच्या ग्रुपवर तर नाव, वेळ, रक्कम सगळं, आणि वाचणारी माणसं मला जन्मापासून ओळखणारी.

मग मी गुरुवारचे पैसे कॅशने द्यायला लागले. तर आता दर बुधवारी ग्रुपवर 'एटीएम २,०००'. आणि बाबा, "दर बुधवारी कॅश कशाला लागते गं?" पण खुद्द बाबाही दर महिन्याच्या ५ तारखेला २,००० काढतात, त्याचं काय करतात हे त्यांना कोणीच विचारलेलं नाही. माझा अंदाज आहे की ते शुगर असून ज्या दुकानातून जिलेबी आणतात तिथे उधारी चुकवतात, पण मी विचारणार नाही.

आईकडे ह्यावर फार जुना उपाय आहे, डाळीचा डबा. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं की तूरडाळीत पैसे असतात आणि कोणीही डबा उघडून मोजत नव्हतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मात्र आईला डबा टेबलावर उपडा करावा लागला, साडेचौदा हजार निघाले, सगळे जुन्या पाचशेत. बाबा हसले, "अरे वा, आपण तर श्रीमंत निघालो!" सगळे हसले, आई नाही. तेव्हा मला वाटलं होतं की आईला पकडली गेल्याची लाज वाटतेय. आता वाटतं राग आला असेल. त्यातले काही मामाच्या ऑपरेशनला द्यायचे होते, ते तिने मला मागच्याच महिन्यात सांगितलं.

दादाचं पुढचं पाऊल होतं आईला यूपीआय सर्कलवर घ्यायचं. हे २०२४ मध्ये आलंय, आपल्या खात्यातून घरच्या माणसाला पैसे द्यायची मुभा द्यायची, एकतर महिन्याला १५,००० पर्यंत त्याने आपला आपण खर्च करायचा नाहीतर दर वेळी आपण पिन टाकून हो म्हणायचं. बाबा म्हणाले दुसरं बरं, सेफ. आई शांतपणे म्हणाली, "म्हणजे मेथीच्या जुडीला मी ह्यांची परवानगी काढायची?" विषय तिथेच संपला.

सध्या ग्रुपवर फक्त बाबांचं कार्ड आहे, तेही ३,००० च्या वरचं असेल तरच. दादा अजून म्हणतो २,००० ठेवू, बाबा म्हणतात ५,०००, आणि ५ तारखेची जिलेबी कोणत्याच मेसेजमध्ये येऊ नये म्हणून मी बाबांच्या बाजूने आहे. बाकी सगळ्यांनी ॲप काढलं. मी गुरुवारी परत कार्डच वापरते, बँकेला कळतं, पण बँक वहिनीसारखा फोन तरी करत नाही.

परवा मुलुंडला गेले होते तेव्हा आईला सहज विचारलं, डब्यात आत्ता किती आहेत गं?

म्हणाली, "तुला काय करायचंय?"